गेटबाहेर न जाणारा एप्रन

दोन्ही तळहात पुढे. त्यांवर घडी केलेला निळा एप्रन. मॉलच्या दाराशी, ट्रॉल्यांच्या रांगेजवळ मी उभी. दुपारी एक ते चार.

"हात खाली आला तर अजून एक तास," मॉलचे मॅनेजर साहेब सांगून गेले होते.

माणसं येत होती, ट्रॉली ओढत होती, माझ्याकडे बघत होती. एक बाई थांबल्या. माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "हे फ्री आहे का? कशावर आहे?"

"नाही मॅडम. फ्री नाही."

"मग धरून का उभ्या आहात?"

मी खाली बघितलं. त्या पुढे गेल्या.

माझा गुन्हा सांगते. आई डबा घेऊन आली होती. सकाळी मी तो घरीच विसरले होते. आई मागच्या गेटच्या बाहेर उभी होती आणि मी तशीच, एप्रन अंगावर, गेट ओलांडून तिच्याकडे गेले. वीस पावलं असतील. डबा घ्यायला हात पुढे केला आणि मागून शिट्टी वाजली. एप्रन हा मॉलचा माल. माल बिलाशिवाय गेटबाहेर गेला की ती चोरी. असा नियम. कामावर घेताना सांगितला होता, मी नाही म्हणत नाही. पण एप्रन घालून कोणी काय चोरतं? अंगावरचाच एप्रन?

साहेबांनी माझ्या गळ्यातलं कार्ड उचललं. आडनाव वाचलं. मग म्हणाले, "तुम्ही लोक असेच. हातात दिलं की घेऊन चालले."

आधी आडनाव, मग 'तुम्ही लोक'. हा क्रम मला पाठ आहे. शाळेत मास्तर पाण्याच्या माठाजवळ आम्हाला हटकायचे, तेव्हाही आधी हजेरीपटावर एकदा नजर जायची. आमची वस्ती सातपूरला, विहाराच्या मागे. बाप कंपनीत हमाली करून गेला, पण आम्हा बहिणींना बारावीपर्यंत शिकवून गेला. बारावी झालेल्या मुलीने मॉलच्या दारात एप्रन हातावर धरून उभं राहायचं.

आई गेली नाही. रस्त्याच्या पलीकडे, बंद टपरीच्या सावलीला उभी राहिली. तीन तास. तो डबा तिच्याच हातात होता. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण ती कुठे उभी आहे ते मला सारखं कळत होतं.

चार वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कोरा कागद पुढे केला. "लिही. मी मॉलचा माल विनापरवानगी बाहेर नेला. पुन्हा असे करणार नाही." मी लिहिलं. सही केली. कागद फाईलमध्ये गेला आणि मी बिस्किटांच्या रॅककडे परत गेले. घरी नवरा सहा महिने बसून होता, अंबडच्या कंपनीने त्याच्यासकट अख्खी शिफ्ट कमी केली होती. मुलगी आठवीत. घर माझ्या एकटीवर. मग काय लिहिणार नाही माणूस?

आम्ही मॉल म्हणतो, पण तो काही खरा मॉल नव्हे. भलंमोठं किराणा दुकान. नाशिकबाहेर, महामार्गाला लागून. साखर, तेल, साबण, चादरी, सगळं छापील किमतीपेक्षा कमी. रविवारी गाड्यांची रांग पार पुलापर्यंत जाते. इथे एवढं स्वस्त कसं पडतं, हे कुठलं गिऱ्हाईक विचारत नाही. मी सांगते. दहा जणांचं काम सहा जणींकडून करून घेतलं की स्वस्त पडतं. बसायला एक स्टूल ठेवलं नाही की स्वस्त पडतं. बाथरूमला जायचा एकच पास ठेवला आणि तो सुपरवायझरच्या गळ्यात अडकवला की माणसं पाणीच कमी पितात, मग तेही स्वस्त पडतं. मी घरून निघताना अर्धा ग्लास पाणी प्यायचे. संध्याकाळी लघवीला गेले की आग व्हायची. डॉक्टर म्हणाले, पाणी प्या. मी हो म्हणाले.

आणि आम्ही मॉलच्या नव्हतोच. एप्रनवर छातीवर मॉलचं नाव, हे एवढं मोठं. गळ्यातल्या कार्डाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, ठेकेदाराचं. हुकूम मॉलचा, शिक्षा मॉलची, पण काही मागायला गेलं की, "ठेकेदाराला विचारा." ठेकेदाराला आम्ही दोनदा बघितलं असेल.

त्या दुपारनंतर माझे हात शहाणे झाले. गेट आलं की हात आपोआप पाठीमागे जायचे, गाठ सोडायचे, एप्रन डोक्यावरून काढून घडी घालायचे, कार्ड त्यावर ठेवायचे, गार्डच्या टेबलावर द्यायचे. डोक्याला काही विचारावं लागायचं नाही. कधीकधी घरातून बाहेर पडतानाही हात पाठीशी गाठ शोधायचे. मुलगी हसायची. मीही हसायचे. नव्या बायका आल्या की मीच त्यांना शिकवायचे, "आधी गाठ, मग पाऊल." त्यातल्याच एकीचं नाव यमुना.

यमुना हरसूलकडची. तिथून आत एका पाड्यावरची. नवरा गवंड्याच्या हाताखाली, दोघं पाथर्डी फाट्याला एका खोलीत, मुलं सासूकडे गावाला. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. अंगाने काडी, म्हणून शिडीवर नेहमी तीच. आमच्याकडे रॅकच्या वरच जास्तीचा माल रचलेला असतो, थेट छतापर्यंत. खालचा संपला की शिडी लावून वरचा काढायचा. त्या चाकांच्या शिडीच्या एका चाकाचं लॉक तुटलेलं होतं. आम्ही ते सुतळीने बांधायचो. मी स्वतः सुपरवायझरला तीनदा सांगितलं. "दिवाळीची ऑफर संपू दे, मग बघू," एवढंच उत्तर.

यमुना म्हणायची, "ताई, आमच्याकडं झाडावं चढतो ना, तं झाड हालत नाय. ही शिडी लय हालते."

दिवाळीच्या आधीचा शनिवार. दुपारचे साडेतीन. तेलाच्या रॅकपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. यमुना वर, मी खाली शिडी धरून. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने माझा खांदा हलवला, "ओ ताई, पाच लिटरचा कुठे आहे?" मी मान वळवली. एक हात सोडला, बोट दाखवायला. सुतळी तुटली.

आधी तेलाचा बॉक्स पडला. मग यमुना. मग तिच्यावर अजून एक बॉक्स.

कानामागून रक्त येत होतं. डावा पाय भलत्याच बाजूला वळलेला. ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, पाय नाय हालत."

साहेब आले. त्यांनी पाहिलं. पहिलं वाक्य त्यांचं होतं, "आधी ते तेल पुसून घ्या, कोणी घसरेल." ते काही चुकीचं नव्हतं म्हणा. तेल खरंच सांडलं होतं.

पुढच्या दारातून न्यायचं नाही, गर्दी आहे, मागून न्या, असं ठरलं. गार्डने रिक्षा बोलावली. मी आणि अजून एक बाई, आम्ही तिला दोन्हीकडून उचलून मागच्या गेटपर्यंत आणलं. गेट आलं.

आणि माझे हात तिच्या पाठीमागे गेले.

कोणी सांगितलं नव्हतं. गार्ड गप्प होता. साहेब आत होते. मी तिला एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने गाठ सोडली, एप्रन तिच्या डोक्यावरून ओढला. तो कानामागच्या जखमेला घासला. आता ती ओरडली. मी म्हणाले, "थांब गं, एवढं काढू दे." कार्ड काढलं. एप्रनची घडी घातली. रक्त लागलेली बाजू आत. त्यावर कार्ड. गार्डच्या टेबलावर ठेवलं. मग तिला रिक्षात घातलं.

सिव्हिलला ठेकेदाराचा माणूस आमच्या आधी पोचला होता. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, कुठे पडली? तो म्हणाला, "मॉलमध्ये. खरेदीला गेली होती." यमुना स्ट्रेचरवर डोळे मिटून. मी त्याच्या मागे उभी. मला ऐकू आलं. एक वाक्य म्हणायचं होतं, ती कामावर आहे. ते मी म्हटलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण माझं तोंड तर कोणी दाबलेलंही नव्हतं. मी रिक्षा करून परत आले, कारण माझी शिफ्ट संपली नव्हती. आठ वाजेपर्यंत मी चणाडाळ भरली.

मंगळवारी केबिनमध्ये बोलावलं. साहेब उठून म्हणाले, "या ताई. बसा." तीन वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची मिळाली. चहा आला. टाईप केलेला कागद पुढे आला. मी वाचला. त्यात होतं की यमुनाची दोन वाजता सुट्टी झाली. तिने एप्रन आणि कार्ड जमा केलं. नंतर ती घरच्या खरेदीसाठी पुन्हा आत आली आणि कोणी सांगितलेलं नसताना शिडीवर चढली. हे मी समक्ष पाहिलं. खाली माझं नाव. सहीची जागा मोकळी.

"साहेब, ती माझ्यासमोर कामावर होती."

"एप्रन होता का अंगावर? बघा ना तुम्हीच." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तेलाच्या रॅकचा कॅमेरा म्हणे त्या दिवशी बंद होता. गेटचा चालू होता.

मी बघितलं. गेट. टेबल. यमुना एप्रनशिवाय रिक्षात जाते, तेवढाच तुकडा त्यांना दाखवायचा होता. पण क्लिप थोडी आधीपासून चालू झाली. त्यांची चूक. त्यात मी होते. आवाज नव्हता. यमुनाचं तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले, आणि मी तिच्या अंगावरून एप्रन ओढत होते. मग मी वाकून घडी घालत होते. नीट. कोपऱ्याला कोपरा जुळवून. मागे एक माणूस लोंबकळतंय आणि ही बाई कोपरा जुळवतेय.

साहेबांनी घाईघाईने क्लिप पुढे ढकलली. पण मला जे दिसायचं ते दिसलं होतं. आजवर मला वाटायचं की त्यांनी मला छळलं. तेव्हा कळलं की त्यांनी मला वापरण्यासाठी शिकवून ठेवलंय. आता साहेबांनी गेटवर उभं राहायचीही गरज नव्हती. ते काम मीच करत होते. मला स्वतःची किळस आली.

साहेब बोलत होते. दिवाळीनंतर कॅश काउंटरची सुपरवायझर. ठेकेदाराकडून नाही, थेट मॉलच्या हजेरीवर. "तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईला आम्ही विसरत नाही." मग ड्रॉवर उघडला. माझ्या अक्षरातला जुना कागद काढला. टेबलावर ठेवला, फक्त ठेवला. "हा अजून आपल्याकडेच आहे. नाशिकमध्ये कुठल्याही मॉलला फोन केला की ते आधी हेच विचारतात. बघा. उद्यापर्यंत विचार करा."

इकडे आड, तिकडे विहीर. घरी सांगितलं. नवरा वाईट माणूस नाही. घाबरलेला आहे. म्हणाला, "सही कर. तुझ्या सहीनं तिचा पाय थोडाच बरा होणार? आपलं बघ." मुलगी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती, पान उलटत नव्हती.

मी आईकडे गेले. आई मूळची विंचूरची, अजून तिकडचंच बोलते. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती जवळ घेईल. ती म्हणाली, "तुला दारात उभं केलं तवा मी रस्त्यापल्याड तीन तास उभी व्हते. लोकांना वाटलं, लेकीच्या काळजीनं उभी हाय. काळजीनं नाय. मला वाटत व्हतं, आता फेकशील त्यो एप्रन, मग फेकशील. ते बघायला उभी व्हते."

"फेकला असता तर घर कसं चाललं असतं?"

"ते मी कुठं म्हन्ते सोपं हाय?" एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मला खूप राग आला तिचा. रात्रभर तो राग उतरला नाही, आणि सकाळी कळलं की तो तिच्यावरचा नव्हता.

आधी सिव्हिलला गेले. यमुनाच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं. विम्याचं कार्ड ठेकेदाराने काढलेलंच नव्हतं. मी तिच्या उशाशी उभी राहून सांगितलं की तुझा एप्रन मी काढला. त्यावरून ते म्हणतायत की तू कामावर नव्हतीस. आणि केसपेपरच्या खिडकीवर मी गप्प बसले.

ती म्हणाली, "मला वाटलं गार्डानं काढला."

"नाही. मी."

"तू व्हय." तिने तोंड भिंतीकडे केलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाली, "ते राहू दे. मी कामावं व्हते, हे तू सांगनार का नाय, तेवढं बोल."

"सांगणार."

तिने मान वळवली नाही. माफही केलं नाही. आजपर्यंत नाही केलं. बरोबर आहे तिचं.

मी ड्यूटीवर गेले. एप्रन घातला. केबिनमध्ये गेले. साहेबांनी खुर्ची दाखवली. मी बसले नाही.

"सही करणार नाही."

"मग तो चोरीचा कागद मला पुढे पाठवावा लागेल."

"पाठवा. पोलिसांत द्या. मीही येते. काय चोरलं विचारतील तेव्हा तुम्ही सांगा, अंगावरचा एप्रन चोरला. वीस पावलं नेला आणि परत आणला. सांगा तुमच्या तोंडाने. मला ऐकायचंय."

साहेब म्हणाले, "तुम्ही लोक ना..." आणि थांबले.

"बोला ना. पूर्ण करा वाक्य."

नाही केलं. म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. ठेकेदाराला कळवतो."

मी मागच्या गेटकडे निघाले. गेट आलं. माझे हात उठले. खोटं कशाला बोलू, ते उठलेच, पाठीमागे गेले, गाठ बोटांना लागली. मी ते खाली आणले. चालत राहिले.

गार्ड म्हणाला, "ताई, एप्रन."

"साहेबांना सांग, या वेळी खरंच नेला."

त्याने शिट्टी वाजवली. त्याची नोकरी होती ती. मी थांबले नाही. छातीवर मॉलचं नाव घेऊन महामार्गावर आले, शेअर रिक्षा पकडली आणि तशीच कामगार कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठे काम करता? मी छातीवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, तोंडी नको, लिहून द्या. मी लिहून दिलं. दोन पानं. चोरीच्या कागदाचंही लिहिलं, म्हणजे तो कोणाला धाक दाखवायला उरला नाही.

आता मी सातपूरला एका मेसमध्ये पोळ्या लाटते. मॉलची नोकरी पुन्हा कुठे मिळाली नाही, साहेब फोनच्या बाबतीत शब्दाचे पक्के निघाले. नवरा मध्ये आठ दिवस बोलला नाही. यमुना काठीने चालते, पाय आखूड राहिला. ती पाड्यावर परत गेली, भरपाईचा दावा लावलाय, त्याच्या तारखेला कोर्टात येते. मॉल म्हणतो, ती आमची नाही, ठेकेदाराची. ठेकेदार म्हणतो, ती त्या वेळी कोणाचीच नव्हती, गिऱ्हाईक होती. गेटची ती क्लिप आता म्हणे सापडत नाही.

कोर्टात मागच्या तारखेला माझी साक्ष झाली. त्यांच्या वकिलाने विचारलं, "एप्रन तुम्हीच काढलात ना?"

मी म्हणाले, "हो, पण..."

"फक्त हो की नाही."

"हो."

"बस. एवढंच." ते खाली बसले. एप्रन मी काढला, तेवढंच लिहिलं गेलं; ती पडल्यानंतर काढला, हे नाही. केसपेपरच्या खिडकीवर राहिलं होतं, तेच वाक्य इथेही राहिलं. यमुना बाकावरून माझ्याकडे बघत होती. बाहेर आलो. बस स्टँडपर्यंत आम्ही तिच्या चालीने चाललो, त्याला फार वेळ लागला.

त्या वाटेत मी ठरवलं. आमचे वकील म्हणतात, पुढच्या तारखेला मला पुन्हा उभं करणार. करू देत. हो की नाही विचारू देत. मी 'हो' म्हणून थांबणार नाही. एप्रन मी काढला. काढायला त्यांनी शिकवलं. यमुना कामावर होती. माझ्याकडे तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. साहेब रागावू देत, वकील ओरडू दे, तारखेवर तारीख पडू दे. तिन्ही कागदावर आल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.